शेवटचा रकाना

आमच्या किरनापूरकडे जून महिना म्हणजे पऱ्ह्यांची चिंता आणि आभाळाकडे लागलेले डोळे. गेली काही वर्षे माझ्यापुरते त्यात आणखी एक काम वाढले आहे, ते सारस मोजण्याचे.

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच, जवळजवळ माणसाएवढा. गोंदिया, भंडारा आणि आमचा बालाघाट हे तिन्ही जिल्हे मिळूनही आज त्यांची संख्या शंभरीच्या आतच आहे. गोंदियाच्या ‘सेवा’ या संस्थेने शेतकरी, शिक्षक, विद्यार्थी यांना हाताशी धरून ही गणना चालू ठेवली आहे. पावसाळ्यापूर्वी तळी, बोड्या आटतात आणि सारस मोजक्या पाणथळ जागी उतरतात. त्या जागांवर एकाच पहाटे माणसे बसवली, म्हणजे एकच जोडी दोनदा मोजली जाण्याचे भय राहत नाही. बाघ नदीच्या अल्याड मध्य प्रदेश, पल्याड महाराष्ट्र. पण सारसाला त्याचे काय! पलीकडे रात्र काढून तो सकाळी अलीकडे चरायला येतो. म्हणून मोजणारेही दोन्ही तीरांवर लागतात.

माझी जागा आमच्याच शेताखालची बोडी. अंधारातच धुऱ्यावर जाऊन बसायचे, बोलायचे नाही. झुंजुमुंजू होते, नर मान उंचावून साद घालतो आणि मादी ती मध्येच उचलून पुरी करते. निवृत्त मास्तराच्या अंगावरही काटा उभा राहतो.

माझ्या लहानपणी सारसाने आमच्या बांधीतच घरटे केले होते. गवताचा भलाथोरला ढीग आणि वर दोन अंडी. भोवतीचे धान तुडवले जाई, आई कुरकुरे. पण वडिलांनी तेवढा तुकडा त्या वर्षी सोडून दिला.

माझ्या वहीत पाच रकाने आहेत: वेळ, मोठे पक्षी, पिल्ले, आल्याची दिशा आणि शेवटचा, काठावर आढळलेली माणसाची करणी. कबूल करतो, हा शेवटचा रकाना मी मोठ्या उत्साहाने भरीत असे. माती उपसणारा ट्रॅक्टर, कोणाची जाळी, पाण्यावरून ओढलेली विजेची तार, सारे इतरांचे!

यंदा जोडी आली. पिल्लू सोबत नव्हते. उजाडल्यावर काठाने फिरलो, तर पाण्याच्या कडेला कीटकनाशकाच्या चार रिकाम्या बाटल्या. कोणाच्या, हे विचारण्याचे कारण नव्हते. गेल्या हंगामात धानावर तुडतुडे पडले, तेव्हा फवारणीचा पंप घेऊन मुलगा घरी निघाला होता आणि मीच त्याला म्हटले होते, “इथेच धू रे, घरी कशाला नेतोस?”

पिल्लू नसण्याचा त्या बाटल्यांशी संबंध आहेच, असे मी म्हणणार नाही. पण पेन्सिल बराच वेळ हातात तशीच राहिली. बाटल्या पिशवीत टाकल्या असत्या तर कोणाला कळले असते? अखेर लिहिले: ‘औषधाच्या रिकाम्या बाटल्या, ४. शेत माझेच.’

नोंदी गोळा करायला आलेला पोरगा माझाच जुना विद्यार्थी. वाचून तो घुटमळला.

“गुरुजी, हे असेच उतरवून घेऊ?”

“असेच.”

त्याने उतरवून घेतले आणि मोटारसायकल पुढच्या बोडीकडे वळवली. मी पिशवी घेऊन बाटल्या वेचायला खाली उतरलो. चिखलात पाचवी सापडली.