षड्ज ढळू नये म्हणून

डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबलमध्ये मोटरचा दांडा हाच थाळीचा आस असतो. मध्ये रबरी पट्टा नाही, चाकही नाही. टेक्निक्सचा एसपी-१० हा या जातीचा पहिला टर्नटेबल १९७० मध्ये बाजारात आला, १९७२ मध्ये एसएल-१२०० आणि १९७९ मध्ये क्वार्ट्झ नियंत्रणाचा एसएल-१२०० एमके२. पुढे एमके२ डीजेंचा म्हणून ओळखला गेला. १९७२चा मूळ एसएल-१२०० मात्र घरी बसून ऐकणाऱ्यांसाठीच घडला होता.

रागसंगीत ऐकणाऱ्या घरासाठी असे जुने यंत्र घेताना पहिली कसोटी गतीची. वेग सव्वा टक्क्याने बदलला की स्वर एका प्रमाणश्रुतीने सरकतो, सहा टक्क्यांनी बदलला तर काळी एकपासून काळी दोनकडची निम्मी वाट सरते. वेग कायमचा थोडा कमी असेल तर कान तो सोसतो. हेलकावा मात्र सोसत नाही. म्हणून विलंबित ख्यालाची एलपी लावावी आणि गायकाकडे नव्हे, मागच्या तंबोऱ्याकडे लक्ष द्यावे. थाळीच्या कडेचे ठिपके यंत्राच्याच दिव्यात स्थिर दिसतात का, हेही पाहावे, पण यंत्र अर्धा तास तापल्यावर. ठिपके तरंगू लागले तर दोष बहुधा मोटरच्या सर्किटमध्ये असतो. वाळलेले कपॅसिटर बदलता येतात. त्या काळच्या खास आयसी मिळणे कठीण, त्यामुळे बंद पडलेले यंत्र स्वस्तातही घेऊ नये.

सुईचा आर्म हलकेच हलवून पाहावा. बेअरिंगमध्ये ढिलेपणा जाणवला तर सौदा सोडावा. झाकणावरच्या ओरखड्यांना काही किंमत नाही.

जपानमधून आलेले यंत्र १०० व्होल्टचे असते. २३० व्होल्टवर थेट लावले तर जळते, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच.

पुण्यातल्या अनेक कपाटांत बालगंधर्वांच्या ७८ गतीच्या तबकड्या आहेत. एसएल-१२०० एमके२वर ती गती नाही. एसपी-१० एमके२ किंवा एसपी-१५वर आहे. या तबकड्यांच्या खाचेला सुईही बरीच जाड लागते, एलपीची सुई चालत नाही.

बिबवेवाडीसारख्या भागात, जिथे मार्केट यार्डचे ट्रक जवळून जातात, यंत्र जमिनीवरच्या टेबलापेक्षा भिंतीत पक्क्या बसवलेल्या फळीवर ठेवावे आणि त्या फळीवर स्पीकर ठेवू नयेत. एसएल-१२०० एमके२ साडेबारा किलोंचा आहे, तेव्हा फळी तशी मजबूत हवी.

दोन यंत्रांत निवड करायची झाली तर चकचकीत पण हेलकावणारे सोडून, मळके पण तंबोरा स्थिर ठेवणारे घ्यावे.