निवड आणि मानवणे

श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीमुळे आनंदीबाई जोशी मराठी वाचकाच्या घरच्याच झाल्या आहेत. मात्र त्यांनी वैद्यकाचे विद्यालय कसे निवडले, याचा विचार क्वचितच होतो.

१८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधील श्रीरामपूर येथील भाषणात त्यांनी आपली कारणे मांडली. मद्रासला महाविद्यालय होते, इलाख्यांतून सुइणींचे वर्ग होते. पण ते शिक्षण त्यांना अपुरे वाटले. फिलाडेल्फियाचे १८५० साली स्थापन झालेले महाविद्यालय खास स्त्रियांचे होते. पोशाख, आहार व धर्म न सोडता तेथे पूर्ण पदवी मिळण्यासारखी होती. मार्च १८८६ मध्ये ती मिळालीही. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.

विद्येला मानवलेली जागा देहाला मात्र मानवली नाही. कोल्हापूरच्या इस्पितळातील नेमणूक तशीच राहिली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचा अंत झाला. म्हणून निवड चुकली असे ठरत नाही. मद्रासला त्या कदाचित अधिक जगल्या असत्या. परंतु स्त्री-वैद्य व्हावयाचे ते अपुऱ्या शिक्षणावर नव्हे, हाच त्यांचा आग्रह होता.