आधी कप्तान कोण ते बघ

७ मे २०२५ च्या संध्याकाळी बोरिवलीत दोन विषयांवर एकाच दमात बोलणं चाललं होतं. त्या दिवशी पहाटे भारताने सीमेपलीकडच्या नऊ तळांवर हल्ले केले होते. दिवसभर सायरनचा सराव, ब्लॅकआउट, रजा रद्द होऊन परत निघालेले जवान, एवढंच कानावर पडत होतं. संध्याकाळी बातमी आली की रोहित शर्माने कसोटी क्रिकेट सोडलं. बोरिवलीला रोहित म्हणजे नुसता टीव्हीवरचा माणूस नाही. आजी-आजोबा आणि काकांकडे राहून तो इथेच वाढला. दिनेश लाड सरांनी त्याला हेरून इथल्या शाळेत आणलं. त्यामुळे स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर पोरं हळहळत होती. तेवढ्यात बाजूला उभे असलेले एक ज्येष्ठ गृहस्थ तडकले, ‘तिकडे बॉर्डरवर काय चाललंय आणि तुम्हाला रोहितचं पडलंय?’ पोरं गप्प झाली.

त्यांचा संताप मला समजला, पण पटला नाही. गेली पंचवीसेक वर्षं हा प्रश्न माझ्या मनात आहे: देश लढत असताना घरी बसलेल्या माणसाने मॅच बघावी का, आणि बघून त्याला नेमकं काय मिळतं?

दुसऱ्याच दिवशी धरमशालेला पंजाब आणि दिल्लीचा सामना मध्येच थांबला. दिवे मालवले, प्रेक्षकांना बाहेर काढलं. ९ मेला आयपीएल आठवडाभरासाठी स्थगित झाली. आणि त्याच दिवशी घाटकोपरच्या कामराज नगरात मुरली नाईकची बातमी पोहोचली. नियंत्रण रेषेवरच्या गोळीबारात गेलेला हा तरुण अग्निवीर. कुटुंब मूळचं आंध्रातलं, आई-वडील पोटासाठी घाटकोपरच्या वस्तीत राहिलेले. क्रिकेट थांबल्याची आणि हा मुलगा गेल्याची बातमी एकाच तारखेची. क्रिकेट १७ मेला पुन्हा सुरू झालं. ते थांबवलं हे योग्यच झालं आणि सुरू केलं हेही योग्यच झालं, असं माझं मत आहे.

उपनगरातल्या माणसाला युद्ध दिसत नाही. त्याला आठ-वीसची फास्ट पकडायची असते, मुलीची फी भरायची असते, सोसायटीच्या टाकीत पाणी आलं का ते बघायचं असतं. काळजी मात्र असतेच, आणि त्या काळजीचं काय करायचं ते त्याला कळत नाही. रक्तदानाची रांग लागली तर तो उभा राहतो, निधीच्या डब्यात नोट टाकतो, पण तेवढ्याने मनाचं समाधान होत नाही. अशा वेळी आपल्या देशाचे अकरा जण कुठेतरी मैदानात उतरतात आणि त्याला निदान एकटं बसावं लागत नाही. १९९९ च्या जूनमध्ये हे मी अगदी जवळून पाहिलं.

तेव्हा आम्ही जोगेश्वरी पूर्वेला राहायचो. कारगिलमध्ये मे महिन्यापासून लढाई पेटली होती, २६ मेपासून हवाई दलही उतरलं होतं. इंग्लंडमध्ये विश्वचषक चालू होता. १९ मेला प्राध्यापक रमेश तेंडुलकर गेले. सचिन वांद्र्याच्या साहित्य सहवासातल्या घरी आला, वडिलांना निरोप देऊन परत गेला आणि २३ मेला ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा केल्या. शतक झाल्यावर त्याने आकाशाकडे पाहिलं. त्या दिवसांत लोक त्याची तुलना सैनिकाशी करू लागले. मला ती तेव्हाही खटकली. बापाचं दुःख बाजूला ठेवून खेळायला उभं राहणं फार मोठं आहे. पण सचिनला मैदानातून घरी परत यायचं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. द्रासच्या डोंगरावर चढणाऱ्यांच्या बाबतीत तसं कुणालाच म्हणता येत नव्हतं.

८ जूनला मंगळवार होता. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर भारत-पाकिस्तान, आपल्याकडे दुपारी सव्वातीनला सुरू. शाळा अजून उघडल्या नव्हत्या, पाऊस आला नव्हता, अंगाची काहिली होत होती. ऑफिसातून निघालो तेव्हा भारताच्या २२७ धावा झाल्या होत्या. द्रविडच्या ६१, अझरुद्दीनच्या ५९, सचिनच्या ४५. बोरिवली स्लोमध्ये दाराशी उभ्या एका माणसाच्या कानाला ट्रान्झिस्टर होता आणि त्याच्या तोंडून निघालेलं प्रत्येक वाक्य डब्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचवलं जात होतं. ‘अन्वर अजून आहे.’ ‘प्रसादला आणलंय.’ गुजराती शेटजी, प्रेसमधले कंपोझिटर, कॉलेजची पोरं, सगळे एकाच्याच तोंडाकडे बघत होते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मुसलमान टेलरचं दुकान होतं. वस्तीतल्या निम्म्या पोरांचे शाळेचे गणवेश त्यांच्या मशिनीवरून उतरायचे. जूनमध्ये त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. त्या दिवशी मात्र त्यांनी मशीन भिंतीला सरकवून चौदा इंची टीव्ही स्टुलावर ठेवला होता, रस्त्याकडे तोंड करून. फुटपाथवर पंचवीस-तीस माणसं बसली होती. जोगेश्वरीत हे दृश्य साधं नव्हतं. जानेवारी १९९३ मध्ये राधाबाई चाळीत लागलेली आग, त्यानंतरच्या रात्री, त्यानंतर घरं बदलून आपापल्या माणसांत गेलेली कुटुंबं, हे सगळं घडून सहाच वर्षं झाली होती. कुठल्या गल्लीत वळायचं आणि कुठल्या नाही, हे तिथल्या माणसांना पाठ झालं होतं.

सईद अन्वर ३६ वर गेला, अझरनेच कॅच घेतला. आरडाओरडा झाला. मग इंझमाम खेळपट्टीवर ठाण मांडून बसला आणि सगळे शांत झाले. त्या शांततेत कॉलेजातल्या एका पोराने विचारलं, ‘काय चाचा, आज कुणाच्या बाजूने?’

पोरगं वाईट नव्हतं. असा प्रश्न विचारायचाच असतो, असं त्याच्या आसपासच्यांनी त्याला शिकवलेलं होतं. चाचांनी उत्तर दिलं नाही. ते टीव्हीचा आवाज मोठा करायला वाकले. पलीकडे वर्तमानपत्र अंथरून बसलेले एक गिरणीतून निवृत्त झालेले गृहस्थ, मालवणकडचे, त्यांनी मान न वळवताच म्हटलं, ‘आधी कप्तान कोण ते बघ, मग विचार.’

कप्तान मोहम्मद अझरुद्दीन होता. कारगिलमध्ये लढाई चालू असताना पाकिस्तानसमोर भारताचं नेतृत्व तो करत होता, आणि त्याच्याच इशाऱ्यावर वेंकटेश प्रसाद त्या संध्याकाळी आयुष्यातली एक सर्वोत्तम गोलंदाजी टाकत होता. इंझमाम ४१ वर पायचीत. मोईन खानचा कॅच सचिनने घेतला, वासिम अक्रमचा कुंबळेने. प्रसाद २७ धावांत ५. पाकिस्तान १८० वर आटोपला, आपण ४७ धावांनी जिंकलो. रात्रीचे साडेदहा वाजत आले होते. फटाके लागले, चाचांनी कुणालातरी पिटाळून पेढे आणवले आणि दुकानाच्या फळीवर एक पत्र्याचा डबा ठेवला. डब्यावर खडूने लिहिलं होतं, कारगिल निधी. त्यात त्या पोराने काय टाकलं ते मला दिसलं नाही, पण तो पुढच्या दोन-तीन संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर होता, एवढं मला आठवतं.

चारच दिवसांनी, १२ जूनला, नॉटिंगहॅमला आपण न्यूझीलंडकडून हरलो आणि विश्वचषकातून बाहेर पडलो. अजय जडेजाच्या ७६ धावा वाया गेल्या. गल्लीत सुतक असल्यासारखी शांतता. त्याच रात्री तोलोलिंगच्या उतारावर राजपुताना रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनचे जवान वर चढत होते आणि १३ जूनच्या सकाळपर्यंत शिखर हातात आलं. त्यात मेजर विवेक गुप्तांसह कित्येक जण गेले. आम्ही झोपायला गेलो ते मॅच हरल्याचं दुःख घेऊन, उठलो तेव्हा खरी लढाई कशी फिरली होती याची आम्हाला कल्पनाही नव्हती. क्रिकेट आणि युद्ध यांना एका तराजूत घालणाऱ्यांनी ती एक रात्र आठवावी. मँचेस्टरला जिंकल्याने कारगिलमधली एक चौकी परत मिळाली नाही, आणि नॉटिंगहॅमला हरल्याने एकही गेली नाही.

मग त्या ४७ धावांनी काय दिलं? फुटपाथवर बसलेल्या त्या तीस माणसांना एक संघ दिला. माझ्या मते सगळं मर्म त्या संघाच्या बांधणीत होतं. समोर पाकिस्तान होता म्हणून गल्ली एक झाली, असं सहज म्हणता येईल. पण समोर पाकिस्तान असताना जोगेश्वरी दुभंगल्याचंही मी पाहिलेलं आहे. त्या दिवशी ती जोडली गेली, कारण आपल्या बाजूला अझर, श्रीनाथ, कुंबळे, रॉबिन सिंग, सचिन असे सगळे एका टोपीखाली होते आणि त्या गिरणीवाल्या काकांना ते दिसत होतं.

मुंबईने याच्या उलटही पाहिलं आहे, तेही महायुद्धाच्या काळात. ब्रेबॉर्न स्टेडियमवर तेव्हा पंचरंगी सामने भरत. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा ‘रेस्ट’ असे पाच संघ. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी धर्मावर पाडलेल्या या संघांना उघड विरोध केला, हिंदू जिमखान्याचे लोक त्यांना भेटून आले होते. १९४२ मध्ये, चले जावच्या वर्षी, सामने झाले नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा झाले आणि अंतिम सामन्यात विजय मर्चंटने हिंदूंकडून नाबाद २५० केल्या. ‘रेस्ट’चा संघ दुसऱ्या डावात ३८७ वर संपला, त्यात सांगलीच्या विजय हजारेच्या एकट्याच्या ३०९! हजारे जन्माने ख्रिस्ती, म्हणून तो उरलेल्यांत. बंगालमध्ये दुष्काळाने माणसं पटापट मरत होती, युद्ध चालू होतं, आणि उपनगरांतून लोकलने चर्चगेटला उतरलेली गर्दी आपापल्या धर्माच्या संघासाठी घसा कोरडा करत होती. मराठी बोलणाऱ्या माणसाची ती खेळी, इतकी थोर की आजही अंगावर काटा येतो, पण तिच्यावर आपला हक्क सांगायला प्रेक्षकांना जागा कुठे होती? खेळ तोच, मैदान तेच, गर्दीही तशीच. संघ कसे पाडले त्यावर सगळं ठरलं. १९४६ मध्ये ते सामने कायमचे बंद झाले आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात आशिया चषकात पुन्हा पाकिस्तान समोर आला. १४ सप्टेंबरला दुबईत, पहलगामच्या हत्याकांडाला पाच महिनेही झाले नव्हते. तिथे मारल्या गेलेल्या २६ जणांत तिघे डोंबिवलीचे होते. मुंबईत त्या सामन्यावरून निदर्शनं झाली, आमच्या सोसायटीतही दोन तट पडले. डोंबिवलीकरांच्या दुःखाचा मान ठेवून टीव्ही बंद ठेवणाऱ्यांविरुद्ध मी एक शब्दही बोलणार नाही. सूर्यकुमार यादवने सामना जिंकला, हस्तांदोलन केलं नाही, विजय सैन्यदलांना अर्पण केला. चेंबूरच्या अणुशक्तीनगरात वाढलेला हा मुलगा. सगळ्या देशाचा राग त्याच्या एका हातावर ठेवलेला होता आणि तो हात त्याने पुढे करावा की मागे घ्यावा, यावर घराघरांत वाद चालले होते. मला वाटतं, हे ओझं खेळाडूवर टाकायला नको होतं. राग धरायला सरकार आहे, लढायला सैन्य आहे. सूर्याला त्याचा स्वीप नीट मारू द्यावा. त्याने स्पर्धेतल्या आपल्या सामन्यांचं मानधन सैन्यदलांसाठी दिलं, ते मला त्या न झालेल्या हस्तांदोलनापेक्षा कितीतरी अधिक बोललं. २८ तारखेच्या रविवारी अंतिम सामना, ऐन नवरात्रात. मुलुंडच्या आमच्या मैदानात गरब्याच्या रिंगणाबाहेर मोबाइल घेऊन घोळके उभे होते. तिलक वर्माच्या नाबाद ६९ धावांनी सामना आला तेव्हा ढोल नव्याने वाजायला लागला.

पण त्या वर्षी मला जो आनंद झाला, तो ह्या सामन्यांत नव्हे. ७ मेच्या सकाळी देशाला कारवाईची माहिती देताना पडद्यावर कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग होत्या, आणि त्या क्षणी मला जोगेश्वरीच्या टेलरचाचांची आठवण झाली. ते आता हयात नाहीत. मग आला ४ ऑगस्ट. ओव्हल कसोटीचा शेवटचा दिवस. इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या, आपल्याला चार विकेट. मी अंधेरीहून घाटकोपर मेट्रोत चढलो होतो. माझ्याबरोबरच पोरांचा एक घोळका आत आला, एकाच्या मोबाइलवर मॅच. शेजारी बुरख्यातल्या एक बाई, हातात भाजीची पिशवी, त्याही मान उंचावून बघायला लागल्या. इंग्लंडचा वोक्स हात गळ्यात अडकवून मैदानात उतरला तेव्हा अख्खा डबा त्याच्यासाठीही हळहळला. धावा सात राहिल्या होत्या. सिराज धावत आला, यॉर्कर टाकला, ॲटकिन्सनचा ऑफ स्टंप उडाला. सहा धावांनी जिंकलो! सिराजचे पाच बळी. असल्फाचा दरवाजा उघडला तरी उतरायचं कुणाच्या लक्षात नव्हतं, मोबाइलवाला पोरगा ‘मियाँ! मियाँ!’ ओरडत होता आणि त्या बाई त्याला दम देत होत्या, ‘अरे, फोन सरळ धर, रिप्ले दिसत नाही!’