हिंगण्याची वाट

सहलीची यादी बहुतेक घरांत तरुण मंडळी करतात. काय पाहायचे, कोठे जेवायचे, किती वाजता निघायचे, हे सारे ठरून जाते आणि मग घरातील ज्येष्ठांना एवढेच विचारले जाते, ‘तुम्हाला झेपेल ना?’ तेही बहुधा ‘माझं काय, तुम्ही न्याल तिथं येईन’ असे म्हणून मोकळे होतात. वाचकहो, हे उत्तर पुरते खरे मानू नका. आम्ही ते मानले होते, आणि त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट आमच्या हातून निसटता निसटता राहिली.

गेल्या हिवाळ्यात नणंदबाई मुलांना घेऊन परदेशातून आल्या आणि आम्ही सर्वांनी नाशिकहून चार दिवसांची पुण्याची सहल काढली. माझ्या सासूबाईंचे वय ८४. गुडघे दुखतात, रक्तदाब आहे, आणि गेल्या दोन वर्षांत विसरणे वाढले आहे. शनिवारवाडा, राजा केळकर संग्रहालय, पर्वती, आगाखान पॅलेस अशी आमची यादी तयार झाली. तिच्यात हिंगणे नव्हते. वास्तविक याच हिंगण्याच्या आश्रमात सासूबाई १९५८ साली शिकायला आल्या होत्या, पुढे तेथेच शिकवू लागल्या आणि रात्री लहान मुलींची देखरेखही करीत. आयुष्यातील नऊ वर्षे त्यांनी तेथे काढली. लग्नानंतर पुण्यात त्यांचे येणे-जाणे झाले, परंतु हिंगण्याला त्या पुन्हा कधी गेल्या नाहीत. मी सुचवून पाहिले, तर म्हणाल्या, ‘तिथं आता माझं कोण आहे?’

यादी आणि पावले

आपण ज्येष्ठांबरोबर पुणे पाहणार असाल, तर आमच्या पहिल्या दोन दिवसांच्या चुका आपल्या उपयोगी पडतील. एका दिवसात दोन स्थळे हे आमचे गणित मुळातच चुकले होते. शनिवारवाड्याचे पटांगण मोठे आहे आणि तेथे चालणे पुष्कळ होते. १७३० साली पाया घातलेल्या या वाड्याची आतील इमारत १८२८ च्या आगीत नष्ट झाली. त्यामुळे पाहायचे आहेत ते दरवाजे, तटबंदी आणि जोती. तरुण ते धावत पाहून येतात, ज्येष्ठांनी दिल्ली दरवाजा पाहून सावलीत बसावे हे उत्तम. केळकर संग्रहालयात जिने आहेत. सासूबाई खालच्याच दालनात रमल्या. दिवे आणि अडकित्ते पाहताना त्यांचा चेहरा खुलला होता, परंतु ‘चला, वर अजून खूप आहे’ म्हणून आम्हीच त्यांना उठविले. पर्वतीच्या पायथ्याशी त्या आणि मी बसून राहिलो. आगाखान पॅलेस मात्र सर्वांना मानवला. गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई १९४२ साली तेथे स्थानबद्ध होते. महादेवभाईंचे त्याच वर्षी १५ ऑगस्टला आणि कस्तुरबांचे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच निधन झाले. समाधींजवळ दाट झाडी आहे, शांतता आहे. सासूबाई तेथे बराच वेळ बसल्या आणि उठताना सहज म्हणाल्या, ‘आमच्याकडं पण अशीच झाडं लावली होती मुलींनी.’

‘आमच्याकडं’ म्हणजे कोठे, हे मला कळले. त्या रात्री आम्ही यादीतील उरलेली नावे खोडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत दूरध्वनी करून भेटीची परवानगी घेतली. मुलींच्या शिक्षणसंस्थेत आधी विचारूनच जावे, हे आपणही लक्षात ठेवा.

एका पायवाटेची गोष्ट

हिंगण्याची थोडी ओळख येथे करून द्यायला हवी. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. तीन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः विधवेशी पुनर्विवाह केला होता आणि त्यापायी मुरूडच्या गावकऱ्यांचा बहिष्कारही सोसला होता. ते दिवस शहरात प्लेगच्या साथींचे होते. गावाबाहेर, सुमारे चार मैलांवरील हिंगणे बुद्रुक येथे रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले, आणि १९०० साली तेथे एक झोपडी उभी राहिली. कर्वे तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. वर्ग संपले की ते पायी हिंगण्याला निघत आणि आश्रमाला लागणारे सामान स्वतः वाहून नेत. धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात ती वाट म्हणजे निव्वळ चिखल. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती.

पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झाले. सत्तरीत असताना, १९२९ साली, कर्वे जगप्रवासाला निघाले. ७८ व्या वर्षी त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवी संस्था काढली. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ वर्षांचे होऊन, त्यांनी देह ठेवला. चालण्यामुळे त्यांना एवढे आयुष्य लाभले, असे म्हणण्याचा मोह आपण आरोग्यविषयक लेखनात आवरलेला बरा. एवढे मात्र निश्चित, की चालून जावे असे ठिकाण त्यांना अखेरपर्यंत होते.

‘आठवतं का?’

सकाळी नाश्ता आणि गोळ्या झाल्यावर आम्ही निघालो. कर्वे रस्त्याला लागलो आणि गाडीत एकच सरबत्ती सुरू झाली. ‘आई, आठवतं का, इथं काय होतं?’, ‘हा कर्व्यांचा पुतळा, ओळखलास ना?’, ‘इथून तुमचा आश्रम कुठल्या बाजूला?’ सासूबाई आधी बाहेर पाहत होत्या, मग मांडीवरच्या पिशवीकडे पाहू लागल्या. त्यांच्या आठवणीतील कोथरूड हे शेतांनी वेढलेले गाव होते. समोर होती दुकाने, उंच इमारती आणि वाहनांची गर्दी. एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांना देता येईना. थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, ‘चला, माघारी जाऊ.’

चूक आमची होती. प्रेमापोटी आम्ही त्यांना परीक्षेला बसविले होते. ज्यांची स्मरणशक्ती उणावत आहे, त्यांना ‘आठवतं का?’ हा प्रश्न आपल्या उणिवेची जाणीव करून देतो. प्रत्येक ‘नाही’बरोबर त्या घाबरत होत्या. मी गाडी सावलीत थांबवायला सांगितली. पाणी दिले, सर्वांनी चहा घेतला, कोणी काही विचारायचे नाही असे मी खुणेनेच सांगितले. दहा-पंधरा मिनिटे तशीच गेली. मग नऊ वर्षांचा नातू, ज्याला यातले काहीच ठाऊक नव्हते, त्याने विचारले, ‘आजी, तू तिथं झोपायचीस कुठं?’

‘दाराशी,’ सासूबाई म्हणाल्या. ‘लहान मुली रात्री उठतात ना. अंधारात घाबरतात. म्हणून मी दाराशी.’ आणि मग त्या बोलू लागल्या.

या दोन प्रश्नांतील फरक आपण अवश्य ध्यानात घ्यावा. पहिल्याचे उत्तर चूक किंवा बरोबर असते. दुसरा केवळ ऐकायला बसतो. उतारवयात माणूस आपले आयुष्य मनाशी पुन्हा उलगडून पाहतो. ते म्हातारपणाचे रडगाणे मानू नये, ती त्या वयाची स्वाभाविक गरज आहे, असे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली मांडले. ज्येष्ठांना त्यांच्या आठवणींविषयी बोलते करण्याच्या पद्धती पुढे अनेक देशांतील वृद्धसेवेत रुजल्या. आपल्याकडे त्यासाठी ओटा आणि ओसरी होती. आता ती जागा आपल्याला ठरवून करावी लागते.

झोपडीसमोर

महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात आता अनेक इमारती आहेत. १९९१ पासून मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालयही तेथे आहे. सासूबाईंना त्यातले काहीच ओळखीचे वाटले नाही, आणि या खेपेस कोणी विचारलेही नाही. पहिली झोपडी मात्र जतन केलेली आहे. तिच्यासमोर आल्यावर त्या थांबल्या. मी त्यांचा हात धरला होता. तो त्यांनी सोडवून घेतला आणि काठीवर भार देऊन एकट्या उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळाने त्या बोलल्या. एक सात वर्षांची मुलगी होती. तिला ताप भरला होता. तीन रात्री त्या तिच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवीत होत्या. चौथ्या दिवशी घरून पत्र आले. लग्न ठरले होते, ताबडतोब निघायचे होते. वर्ष अर्धे उरले होते, मुलगी अजून अंथरुणावर होती. ‘मी येईन हं परत, असं म्हणाले होते तिला,’ सासूबाई म्हणाल्या. ‘गेलेच नाही. लाज वाटली. मग फारच उशीर झाला.’

नणंदबाईंनी ही गोष्ट आयुष्यात प्रथमच ऐकली. त्या काही समजूत घालू पाहत होत्या. मी त्यांना थांबविले. ‘जाऊ दे, त्याला किती वर्षं झाली’ हे वाक्य अशा वेळी ओठांवर येते. ते बोलू नये. ज्याने इतकी वर्षे ते ओझे वाहिले, त्याला ते खाली ठेवायला थोडा वेळ द्यावा.

तेवढ्यात समोरून मुलींचा घोळका गेला. त्यांतील एकीने वृद्ध बाई उभी आहे असे पाहिले आणि कोठून तरी खुर्ची आणली. ‘आजी, बसा ना.’ सासूबाई बसल्या, तिचे मनगट धरून विचारते झाल्या, ‘कुठली गं तू?’ ती म्हणाली, ‘जालन्याची.’ सासूबाईंनी पुढचा प्रश्न केला तो एखाद्या रेक्टरबाईंच्या आवाजात. ‘जेवलीस का?’

मुलगी हसली, ‘नाही अजून’ म्हणाली. ‘मग जा आधी. उपाशी वर्गात बसायचं नाही.’ ती खरोखरच गेली.

आपण निघाल तेव्हा

परत आल्यावर सासूबाईंची स्मृती सुधारली असे झालेले नाही. दुपारची गोळी त्या अजूनही विसरतात. मात्र ती तापाची मुलगी आता आमच्या घरात सर्वांना माहीत आहे, आणि हिंगण्याचे नाव निघाले की त्या विषय बदलीत नाहीत. नातू दर रविवारी दूरध्वनीवरून एक गोष्ट मागतो आणि वहीत लिहून ठेवतो.

आपल्या घरातील ज्येष्ठांची अशी एखादी जागा असेलच. एखादी शाळा, दवाखाना, गिरणी, रेल्वेचे स्थानक, तालुक्याचे गाव. तेथे जाताना त्या दिवशी दुसरे काही पाहायचे ठेवू नका. सकाळी निघा आणि अंधार पडण्यापूर्वी परता, कारण विस्मरण असलेल्यांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो. औषधे, त्यांची यादी, पाणी आणि खाणे आपल्या हाताशी असू द्या. मधुमेह असेल तर जेवणाची वेळ चुकवू नका. दर अर्ध्या तासाने बसण्याची सोय पाहा, स्वच्छतागृह कोठे आहे ते पोहोचताच विचारून घ्या, आणि बसल्या जागेवरून एकदम उठू देऊ नका. विस्मरण असेल तर त्यांच्या खिशात किंवा बटव्यात आपला दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा. डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्या. परंतु जीव घाबरा होत असेल, तर अर्ध्यावरून परतण्यात कमीपणा नाही. प्रवास अशक्य असेल, तर एखादे जुने छायाचित्र आणि मोकळी दुपार यांवरही पुष्कळ काम होते.

आणि आपण स्वतःच ज्येष्ठ असाल, तर एक विनंती. ‘तुम्ही न्याल तिथं येईन’ असे यापुढे म्हणू नका. जागेचे नाव सांगा. आपल्याला काय वाटते हे मुलांना आपोआप कळत नाही. आम्हाला कळले नव्हते.

पुढच्या सहलीची यादी करायला बसाल, तेव्हा ‘झेपेल ना?’ हा प्रश्न नंतर विचारा. त्याआधी विचारा, ‘तुमचं कुठं जायचं राहिलंय?’