सहा वर्षं लांबलेलं रिलीज

तर मंडळी, हा शनिवारही ल्यूसिंडा विल्यम्सच्या नावाने! मी हेडफोन चढवले की रूममेट म्हणतो, "लागली तुझी बाई रडायला." त्याला काय कळणार...

आपल्याकडे कंट्री म्युझिक म्हणजे कॉलेजच्या ट्रेकला शेकोटीभोवती म्हटलेला जॉन डेन्व्हर. बस्स. मीही त्यापुढे गेलो नसतो, पण एकदा रात्री ऑफिसात डिप्लॉयमेंटला बसलो असताना 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड' हा अल्बम कानावर पडला आणि काम बाजूलाच राहिलं.

बाईंचा जन्म १९५३ चा, लुईझियानातल्या लेक चार्ल्सचा. वडील मिलर विल्यम्स कवी आणि प्राध्यापक. त्यांच्या नोकरीमुळे सारखं नवं गाव, नवं घर. शीर्षकगीत तिथूनच आलंय. स्वयंपाकघरातले वास, रेडिओ, मोठ्यांची बोलणी, आणि खडीच्या रस्त्याने निघालेल्या गाडीत मागच्या सीटवर एक लहान मूल. कुठेही "मला वाईट वाटलं" असं ती म्हणत नाही. जे दिसलं ते फक्त सांगते. नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेत वडिलांनी हे गाणं ऐकलं आणि नंतर येऊन तिची माफी मागितली. ते मूल कोण, हे त्यांना बरोब्बर कळलं होतं!

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. तिचा आधीचा अल्बम १९९२ चा, आणि हा आला जून १९९८ मध्ये. सहा वर्षं! आधी ऑस्टिनमध्ये रेकॉर्डिंग झालं. मग स्टीव्ह अर्लच्या एका गाण्यात ती गायली, तिथला स्वतःचा आवाज तिला जास्त आवडला. झालं! नॅशव्हिलला जाऊन अर्ल आणि रे केनेडीबरोबर पुन्हा सुरुवात. तरी समाधान नाही, म्हणून शेवटचा हात फिरवायला लॉस एंजेलिसला रॉय बिटन. आमच्याकडे असं कोणी केलं तर मॅनेजरला चक्कर येईल. पण निकाल बघा. वयाच्या ४५ व्या वर्षी पहिला गोल्ड अल्बम, म्हणजे अमेरिकेत पाच लाख प्रती, आणि १९९९ मध्ये ग्रॅमी. (तेसुद्धा कंट्रीत नाही, फोकच्या विभागात!)

ही गोष्ट मला जाम आवडायची. का ते सांगतो.

दोनेक वर्षांपूर्वी एका मित्राने लिहिलेलं मॉड्यूल मला पटत नव्हतं. चालत होतं, पण दिसायला गबाळं. एका वीकेंडला बसून मी ते सगळं नव्याने लिहिलं. त्याला न विचारता. सोमवारी मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. तो काहीच बोलला नाही. मग चहाला येणं बंद झालं, आणि काही महिन्यांनी त्याने कंपनीच बदलली. मी मनाशी म्हणायचो, चांगलं काम करायचं तर एवढं होणारच. ल्यूसिंडाने नाही का केलं?

मग गर्फ मॉर्लिक्सबद्दल वाचलं. हा अनेक वर्षं तिचा गिटारवाला, ऑस्टिनच्या रेकॉर्डिंगचा सहनिर्माताही. पुन्हा रेकॉर्डिंग करण्यावरून दोघांचं बिनसलं आणि तो निघून गेला. म्हणजे किंमत तिलाही मोजावी लागलीच. पण अल्बमवरची श्रेयनामावली वाचा. वादकांमध्ये गर्फचं नाव आहे. माणूस गेला, पण त्याची गिटार तिने ठेवली.

परवा मी आमच्या कोडचा इतिहास उघडून बघितला. मित्राची एक ओळसुद्धा मी शिल्लक ठेवलेली नाही. आणि खरं सांगू? जुन्या फाईलमधलं त्याचं एरर हँडलिंग माझ्यापेक्षा चांगलं होतं. तेव्हा मी ते नीट वाचलंच नव्हतं...

असो. तुम्ही हा अल्बम ऐकाच. पहिल्या 'राइट इन टाइम'पासून, क्रम न बदलता. आवाज थोडा खरखरीत, शब्द ओढत ओढत म्हणायची सवय, पण दोन गाण्यांत सवय होते. आणि मध्ये मध्ये गिटारकडेही कान द्या.

मित्राला मेसेज लिहून ठेवलाय. तीनदा खोडून पुन्हा लिहिला. हे रिलीज मात्र सहा वर्षं लांबवायचं नाही, आज रात्री पाठवतोच.