पाटीवर नाव, डोक्यात दंडुका

१९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. त्यांची बंदूक, काळं जाकीट, वळलेली मूठ आपल्या पोरांना पाठ आहे. पण त्यांच्या लोकांनी वाजवलं काय? ते क्लबातल्या साहेबांचं, असं एक कार्यकर्ता मला म्हणाला. म्हटलं, बाबा, आधी ऐक तर.

माइल्स डेव्हिस, ट्रंपेटवाला. बाप दातांचा डॉक्टर, घरी पैसा. 'काइंड ऑफ ब्लू' ही त्याची तबकडी १९५९ च्या २ मार्च आणि २२ एप्रिलला, दोनच दिवसांत वाजवून झाली. न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावर एका जुन्या चर्चात कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता, तिथं. सोबत कोल्ट्रेन, कॅननबॉल अ‍ॅडर्ली असले दांडगे सॅक्सोफोनवाले. पियानोवर मात्र गोरा, बिल एव्हान्स. गोरा कशाला घेतलास म्हणून काळ्यांनीच माइल्सला टोकलं होतं. हा वाद आपल्याकडंबी रोजचाच.

घोकून काही आणलं नव्हतं. कागदावर थोडे सूर, पुढं ज्याचं त्यानं रचायचं. पहिलंच 'सो व्हॉट'. म्हंजे, मग काय? बासवाला काहीतरी बोलतो, बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात, मग काय? कुणी ओरडत न्हाई. 'ब्लू इन ग्रीन'मध्ये तर ट्रंपेटच्या तोंडात बूच घातलंय.

माझा आजा पाटलाच्या वरातीपुढं हलगी वाजवायचा. हलगी गावभर घुमायची, आजा गप्प. वाजप चालायचं, माणूस चालायचा न्हाई. जेवायला उकिरड्याच्या कडंला. इथं उलटं. आवाज हळू, माणूस ताठ.

त्या ताठपणाची किंमतही लगेच वसूल झाली. १७ ऑगस्टला तबकडी बाजारात आली. आठच दिवसांनी, २५ च्या रात्री, बर्डलँड क्लबात माइल्सचा कार्यक्रम होता. मधल्या सुट्टीत तो बाहेर आला, एका गोऱ्या बाईला टॅक्सीत बसवलं, तिथंच उभा राहिला. पोलीस म्हणाला, हल इथून. यानं वर बोट केलं, पाटीवरचं ते नाव माझं. तेवढ्यात दुसऱ्या पोलिसानं डोक्यात दंडुका हाणला. कोटावर रक्त. वर अटकही त्यालाच. पुढं तो आरोपांतून सुटला, पण डोकं फुटलं ते फुटलंच.

बाप डॉक्टर, खिशात पैसा, दारावर नाव. शिकून साहेब झालेल्या आपल्या लोकांपुढं ही हकीगत कुणीतरी वाचावी.

परवा अभ्यासवर्गात मी मोबाइलवर 'सो व्हॉट' लावलं. नवाच्यावर मिनिटं. संपल्यावर एक पोरगी म्हणाली, "सर, ह्यात राग कुठाय?"

मी परत पहिल्यापासून लावलं.