फोन हातात येण्याआधीचा धूर

दोन ग्रॅमची एक मेमरी चिप. ती बनवायला आणि वापरायला मिळून १६०० ग्रॅम जीवाश्म इंधन आणि ७२ ग्रॅम रसायनं लागतात, शिवाय कारखान्यात ३२ लिटर पाणी! एरिक विल्यम्स, रॉबर्ट एअर्स आणि मिरियम हेलर यांनी २००२ साली मांडलेला हा हिशेब मी नुकताच वाचला आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. एखाद्या वस्तूचा असा जन्मापासूनचा जमाखर्च मांडता येतो, हे इतकी वर्षं मला ठाऊकच नव्हतं!

याला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. खाणीतला धातू, कारखाना, विमान-जहाज, आपला वापर आणि शेवटी भंगार, सगळं धरायचं. ते कसं धरायचं याची आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही मानकंही आहेत. प्रत्येक टप्प्यावर निघालेले वायू मोजायचे आणि ते किती कार्बन डायऑक्साइडइतके तापवतात, त्या एकाच मापात आणायचे. झाला कार्बन फूटप्रिंट.

पण खरी गंमत चिपच्या कारखान्यात आहे. सिलिकॉनच्या चकतीवर एकावर एक थर चढवायचे, कोरायचे, धुवायचे. अशा शेकडो पायऱ्या, आणि हवेत धुळीचा कणही नको म्हणून रात्रंदिवस चालणारी यंत्रणा. थर चढवायच्या यंत्राची आतली बाजू साफ करायला नायट्रोजन ट्रायफ्लोराइड वापरतात. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १७ हजार पट तापवणारा! बहुतेक वायू जिरवला जातो, पण एक किलो जरी निसटला तरी हिशेबात १७ टन चढतात. हे वाचून मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घालायला लागलो.

मग अ‍ॅपलचा अहवाल उघडला. आयफोन १३, १२८ जीबी: आयुष्यभराचे ६४ किलो, त्यातले ८१ टक्के निर्मितीतले. म्हणजे खोकं उघडण्याआधीच जवळपास ५२ किलो हवेत गेलेले! फोन तीन वर्षांत बदलला तर निर्मितीचे वर्षाला १७ किलो पडतात. सहा वर्षं वापरला तर नऊसुद्धा नाहीत. फुटलेला काच-डिस्प्ले बदलून फोन आणखी दोन वर्षं चालवणारा कोपऱ्यावरचा मोबाइल-दुरुस्तीवाला मला आता फार मोठा माणूस वाटतो.

हे आकडे अंदाजाचे असतात, आणि मला आवडलं ते हे की काहीजण तसं उघड सांगतात. डेल आपल्या लॅपटॉपच्या आकड्यापुढे अधिक-उणे किती फरक पडू शकतो, तेही छापते. सुट्या भागांचे पुरवठादार इतके, की प्रत्येकाची वीज कुठली हे कुणाला नेमकं कळणार?

आपल्या वापराचा भाग मात्र घरीच काढता येतो, आणि तो मी लगेच काढला. आपल्याकडे कोळशाची वीज जास्त, म्हणून एका युनिटमागे साधारण ०.७ किलो धरायचे. पाच हजार एमएएचची बॅटरी रोज पूर्ण भरली, चार्जरमधली गळती धरली, तरी वर्षाला नऊएक युनिट. सहा-साडेसहा किलो, बस्स!

आणि मग वायफायचा राउटर. दहा वॉट, किरकोळ वाटतं ना? पण तो २४ तास, ३६५ दिवस चालू. सुमारे ८८ युनिट, म्हणजे ६० किलोंच्या वर, तेही एका वर्षात! त्या आयफोनच्या सबंध आयुष्याएवढे जवळजवळ. इथे चित्र पार उलटं झालं: फोनचा भार कारखान्यात, राउटरचा आपल्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये. तेव्हा सॉकेटला लावायचा छोटा वॉटमीटर मागवला आहे. पहिला नंबर सेट-टॉप बॉक्सचा. रिमोटने बंद केल्यावरही तो किती वीज खातो, ते बघायचंच आहे.